फुसाएच्या नावाची लिली

जपानमधल्या कोआमी गावच्या कोळ्यांच्या जाळ्यात खोल पाण्यातली समुद्री लिली आली की ते शिव्या घालत ती ओरबाडून फेकून देत. देठावर फुलासारखे हात पसरलेला हा प्राणी खायच्या कामाचा नाही, वर जाळं गुंतवून ठेवतो. इशिवाता कोळ्यांची धाकटी मुलगी फुसाए मात्र तो बादलीत घालून किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायची. हात चित्रकलेचा होता, म्हणून पुढे तिथंच चित्रं काढायची नोकरी लागली.

प्रयोगशाळेत तेव्हा त्सुकिओका सर होते. हुशार माणूस, पण टोकियोत प्राध्यापक व्हायची भारी घाई. लिलीच्या देठाच्या चकत्या सुट्या करून भिंगाखाली धरायच्या आणि दिसतील तशा कागदावर उतरवायच्या, हे फुसाएचं काम. एका हिवाळ्यात तिच्या वडिलांनी समुद्रातल्या दरीच्या तोंडाशी, जबर ओढीच्या पाण्यात, जाळं टाकलं. तिथली लिली निराळीच निघाली. देठ आखूड आणि जाड, हात मोजके आणि राकट.

"सर, ही आपली नेहमीचीच का हो?"

"छे! नवी जात आहे ही. आणि तिला तुझं नाव देणार मी."

त्या दिवशी फुसाए आनंदानं ती लिली पुन्हा पुन्हा भिंगाखाली धरत राहिली.

दरीच्या उतारावर काही मधल्याच लिलीही मिळाल्या होत्या, धड उंच नाहीत की आखूड नाहीत. सरांनी त्या बाजूला सारल्या. "अर्धवट वाढलेल्या आहेत या. यांची चित्रं नकोत." तिनंही पुन्हा विचारलं नाही. आपल्या नावाची जात पक्की ठरावी असं कुणाला वाटणार नाही?

या नव्या जातीवरचा निबंध छापून आला. त्यावर नाव एकट्या सरांचं. ती फक्त लिलीच्या नावात. सर टोकियोला गेले. त्याच सुमारास शिझुओकाहून चहाचे मळे असलेल्या घरातलं स्थळ आलं. "तू गेलीस तर समुद्री लिलींवरच्या माझ्या ग्रंथाची चित्रं कोण काढणार?" असं सरांनी पत्रातून विचारलं आणि फुसाएनं नकार कळवला. थोरल्या बहिणीनं, किनुनं, कपाळावर हात मारून घेतला. "समुद्राच्या तळाशी नाव लागलंय ना तुझं! मग जा आता तिथंच नांदायला."

ग्रंथाच्या चित्रांत तिची उमेदीची वर्षं गेली. डोळे अधू झाले, आईवडील गेले, आणि मग मिचियो आराताके ही तरुण संशोधक प्रयोगशाळेत आली. तिनं दरीत कॅमेरा सोडला, दोन्ही लिलींच्या मांसाच्या चाचण्या करून त्या ताडून पाहिल्या. एक दिवस ती चहा घेऊन फुसाएसमोर येऊन बसली.

"ताई, राग मानू नका. दरीतली आणि आपली लिली एकच आहे. संथ पाण्यात ती अन्नासाठी उंच वाढते. ओढीच्या पाण्यात उंच झाली तर मोडेल, म्हणून आखूड आणि जाड राहते. जागा वेगळी, जात तीच."

"मग माझं नाव?"

"रद्द होईल. एकाच जातीला दोन नावं पडली तर जुनं असतं तेच राहतं, तसा नियमच आहे."

फुसाएनं चहा संपवला. त्या मधल्या लिली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. "खरं असेल ते लिही बाई," ती म्हणाली.

इथवर सोसण्यासारखं होतं. पण मिचियोचा निबंध आल्यावर त्सुकिओका सरांनी एक छोटा खुलासा छापला: चित्रकारानं देठ फुगवून दाखवल्यामुळे आपली दिशाभूल झाली.

फुसाए टोकियोला त्यांच्या घरी गेली. सर अंगावर शाल घेऊन बसले होते. त्यांनी तिच्यापुढे बशीत तांदळाचे खारे पापड ठेवले.

"सर, मी काय फुगवलं? मधल्या लिली तुम्हीच काढू दिल्या नाहीत."

"अगं, आता या वयात माझ्या नावाला बट्टा कशाला? तुझं काय बिघडतंय? तुला ओळखतं कोण?"

पापडाला हात न लावता ती उठली. परत आल्यावर तिनं मिचियोला गळ घातली, "तू तरी खरं काय ते छाप." मिचियो खाली मान घालून बसली. "ताई, टोकियोत प्राध्यापकाची जागा सुटलीय. सरांनी शब्द टाकला तरच मला मिळेल."

मिचियोला ती जागा मिळाली. जाताना ती फुसाएच्या पाया पडायला आली, तर दार उघडलंच नाही.

महिन्याभरात फुसाएनं नोकरी सोडली आणि किनुच्या नवऱ्याच्या मासे सुकवायच्या वाडीवर बांगडे चिरायला बसली. एकदा शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "तुम्ही म्हणे समुद्रातल्या प्राण्यांची चित्रं काढायचा?"

"काढायचे," फुसाए म्हणाली. "चुकीची."

समोरच बसलेल्या किनुनं चमकून वर पाहिलं. आयुष्यभर टोमणे मारणाऱ्या तिनं त्या दिवशी नुसती मिठाची परात बहिणीकडे सरकवली.