दारातून काढलेला फोटो

पुतण्याने नवा डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हा तो मला दाखवायची त्याला फार हौस. काका, आता आयएसओ ऑटोवर, फ्लॅशही ऑटोवर, आपण नुसतं बटण दाबायचं, उजेडाचं काय ते त्याचं तो बघतो, असं सांगत होता. मी कॅमेरा हातात घेतला आणि आधी दोन्ही ऑटो बंद करायला लावले. पोराचं तोंड उतरलं. म्हातारा खवट झालाय असं त्याला वाटलं असणार, आणि ते काही खोटं नाही. पण माझा हा राग माझ्याच एका फोटोपायी आहे. त्याबद्दल मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नामांतराच्या त्या वर्षांत पूर्णेला माझा छोटा स्टुडिओ होता. आयएसओ हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हता. रोलच्या खोक्यावर शंभर किंवा चारशे असा आकडा असायचा, त्याला आम्ही रोलची स्पीड म्हणायचो. फ्लॅशच्या पाठीवर एक चकती असे. तिच्यावर तो आकडा लावायचा, माणूस किती फुटांवर आहे ते पावलांनी मोजायचं आणि चकती सांगेल तेवढं लेन्सचं तोंड उघडायचं. मग ऑटो फ्लॅश आला. त्याला पुढच्या बाजूला बारीकसा डोळा होता. समोरून पुरेसा उजेड परत आला असं त्या डोळ्याला वाटलं, की फ्लॅश आपला आपण बंद व्हायचा. पावलं मोजायची कटकट गेली. मी नांदेडहून तो आणला आणि महिनाभर भेटेल त्याला दाखवत सुटलो होतो.

त्याच उन्हाळ्यात चुडाव्याचा एक गवंडी स्टुडिओत आला. बौद्ध समाजाचा, पन्नाशीचा माणूस, नखांत चुना बसलेला. बायको केव्हाच वारलेली, एकुलत्या लेकीचं लग्न ठरलेलं. पोरीचे फोटो चांगले आले पाहिजेत, एवढंच आधी म्हणाला. निघाला आणि उंबऱ्यातून परत वळला.

"दादा, एक माझा न् लेकीचा बी काढा. घरात माझा एकबी फोटू न्हाई. ती सासरी गेल्यावर तिच्यापाशी तरी ऱ्हाईल."

मी काढतो म्हणालो.

काम घेतलं खरं, पण चुडावा माझी सासुरवाडी. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरं जळाली होती, माणसं मारली गेली होती. जिथे तसलं काही घडलं नव्हतं, तिथेही कोण कुणाच्या वस्तीत जातो, कुणाच्या घरचं पाणी पितो, यावर लोकांची नजर असायची. आम्ही शेतीवाडीवाले, माझे सासरे गावातलं वजनदार माणूस. निघताना बायको म्हणाली, फोटो काढा आणि मिळेल त्या गाडीने परत या, तिथं बसत राहू नका, उगाच आबांच्या कानावर जायला नको. मी तिच्यावर खेकसलो, मी असलं काही मानत नाही म्हणून. आणि गाडीत बसल्यावर तिचंच ऐकायचं ठरवून टाकलं.

लग्न दुपारचं होतं. विहाराची खोली लहान. झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या, त्यामुळे आत अंधारच होता. भिंतींना ताजा चुना. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, बापाचा सदरा पांढरा, टोपीही पांढरी. इतकं पांढरं समोर असलं की फ्लॅशचा डोळा फसतो, त्याला वाटतं उजेड झाला, आणि माणसांचे चेहरे काळे येतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अशा वेळी ऑटो बंद करून आत शिरायचं, पावलं मोजायची, पूर्ण उजेड पाडायचा. एरवी मी लग्नात नवरदेवाच्या मुंडावळ्यासुद्धा स्वतः सारख्या करणारा माणूस. पण रस्त्यापलीकडच्या पारावर सासऱ्यांच्या भावकीतले दोघे बसले होते आणि त्यांनी मला ओळखलं होतं. मी दारातच उभा राहिलो.

त्रिशरण, पंचशील झालं, हार घातले गेले. मग गवंडी लेकीजवळ जाऊन उभा राहिला आणि त्याने मला हाक मारली.

"दादा, आत या की. हितं लय जागा हाय."

इथून बरोबर दिसतंय, असं मी म्हणालो. त्याने पुन्हा एकदा बोलावलं, मी पुन्हा तेच म्हणालो. त्याने टोपी नीट केली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान ताठ करून माझ्याकडे बघितलं. ऑटोवरच ठेवून मी बटण दाबलं. कुणीतरी सरबत आणलं, तर गाडीची वेळ झाली म्हणालो. गाडीला दीड तास होता. तो मी स्टेशनच्या बाकावर काढला.

फिल्म धुतली तेव्हा विहाराबाहेर उन्हात काढलेले जोडप्याचे फोटो उत्तम होते. बापलेकीच्या फोटोत कपडे होते, चेहऱ्यांच्या जागी फिल्म जवळजवळ कोरी, म्हणजे कागदावर नुसतं काळं. फोटो न्यायला गवंडी आला, तेव्हा मी शेवटचा तुकडा खराब झाला म्हणून सांगितलं आणि दोघांनी एकदा स्टुडिओत या, नव्याने काढू म्हणालो. तो हसला. लेक बोरीला सासरी गेलीय, दिवाळीला येईल तवा येतो, म्हणाला.

दिवाळीला ती एकटीच आली. पंधरा दिवसांपूर्वी तो कामावर परांचीवरून खाली पडला होता, तो उठलाच नाही. फोटो खराब झालाय हे बापाने तिला सांगितलं होतं. तरी ती म्हणाली, जसा असंल तसा द्या.

मी आत डार्करूममध्ये गेलो. होते नव्हते ते सगळे कागद वापरून बघितले, चेहऱ्यापुरता उजेड हाताने अडवून बघितला. शेवटी जो बरा आला तो ओलाच घेऊन बाहेर आलो. टोपी होती, सदरा होता, लेकीच्या डोक्यावरचा हात होता. टोपीखाली काळं. ती तो दाराच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. मग मला विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"भाऊ, तुमी तवा आत आले असते, तर बाबाचं तोंड आलं असतं का?"

आलं असतं. चार पावलांचा प्रश्न होता.

"नाही, ताई," मी म्हणालो. "फ्लॅशच तसला होता. त्याचं तो ठरवतो."

तिने मान हलवली.

"मग तुमी तरी काय करताल," ती म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका, भाऊ."

फोटो अजून वाळला नव्हता. तिने तो दोन्ही हातांवर आडवा धरला आणि उन्हातून स्टँडकडे चालू लागली.