कपाटातला बल्ब

फोन आला तेव्हा मी मस्कतमधल्या हमरियाच्या भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उलटसुलट करून पाहत होतो. सुनंदावहिनींचा आवाज अगदी सरळ होता. "भाऊजी, हे गेले." एवढंच. मी जुडी तिथेच ठेवली आणि टॅक्सी न बघता दार्सैतला त्यांच्या घराकडे चालायला लागलो. ऑगस्टचं चिकट ऊन, आणि डोक्यात एकच... परवाच तर हा भास्कर हॉस्पिटलात वॉकर धरून पावलं टाकत होता, आणि मी हसल्यावर म्हणाला होता, "शिकतोय."

हा त्याचा शब्द. त्याचा कसला, कोरियन लोकांचा. भास्कर नागपूरचा, मी मालवणकडचा; एकाच कंपनीत पाण्याच्या पाइपलाइनी आखण्यात आमचं आयुष्य गेलं. एका प्रकल्पावर त्याची मिस्टर हान नावाच्या कोरियन इंजिनियरशी गट्टी जमली. हान आणि त्यांची मंडळी शुक्रवारी सकाळी एका क्लबच्या मैदानावर तिरंदाजी करत. त्यांची रीत अशी, की पहिला बाण सोडण्याआधी प्रत्येकाने, मग तो कितीही मुरलेला का असेना, म्हणायचं : धनुष्य शिकतो आहे. भास्करला बाण जमायच्या आधी हे वाक्य जमलं. तो ते मराठीत म्हणे, आणि पुढे कुठेही म्हणे. पोळीचा नकाशा झाला, शिकतोय. अरबी फॉर्म उलट्या बाजूने भरला, शिकतोय. निवृत्तीच्या वयाचा माणूस हे इतक्या आनंदाने म्हणतो याचा मला कधीकधी रागही येई. आम्ही बाकीचे सगळं येत असल्याचा आव आणून थकलो होतो.

हाननी त्याला आपलं एक जुनं धनुष्य दिलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोडकं वाटलं. दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळतं, जवळजवळ कडं होतं. दोरी चढवायची ती त्या वळणाच्या विरुद्ध. आत बांबू आणि तुतीचं लाकूड, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीवर बैलाच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं धरून ठेवतो तो माशाच्या पोटातल्या फुग्याचा सरस. मासा आमच्या घोळीच्याच भाऊबंदांतला. इतका चांगला मासा चिकटवायला वापरतात हे मला अजून पटलेलं नाही. वहिनींचा आक्षेप वेगळा होता. सकाळी बुद्धवंदना करायची आणि नाश्ता करून बैलाच्या शिरा ओढायला जायचं, हे कसं, असं त्या विचारत. भास्कर मान खाली घालून हसे.

पण या धनुष्याचा खरा वैरी म्हणजे दमट हवा, आणि मस्कतचा उन्हाळा म्हणजे दुसरं काय? सरस ओलावला की तंतू सुटतात. म्हणून भास्करने एका जुन्या कपाटात बल्ब बसवला. तो अहोरात्र जळे आणि धनुष्य आत उबेला पडून राही. "आम्हाला एसी आणि हिला शेक," वहिनी म्हणत. "बाळंतीण आहे का ती?"

सुट्टीवर जाताना गंमत व्हायची. घर बंद करताना वहिनी आखातातल्या प्रत्येक बाईसारख्या मेन स्विच पाडून खाली येत. सामान टॅक्सीत गेलं, आम्ही निरोपाचे हात हलवले, की भास्करला कपाट आठवे. तो परत वर जाई, मेन चढवी, कपाटाखेरीज सगळी बटणं बंद करी, आणि घामाघूम होऊन खाली येई. दरवर्षी हेच. टॅक्सीवाला वैतागे, वहिनी वैतागत, मी घड्याळ बघे.

भास्करचा देह घेऊन नागपूरला निघाल्या तेव्हाही वहिनींनी हाताच्या सवयीने मेन पाडला. या वेळी परत वर जाणारं कुणी नव्हतं. मलाही सुचलं नाही.

महिनाभराने त्या घर आवरायला परतल्या. मी बॅगा घेऊन मागे होतो. दार उघडताच कोंदट वास आला. त्या चप्पल न काढता कपाटाकडे गेल्या, आत हात घातला आणि तशाच खाली बसल्या. "त्यांनी एवढी एकच गोष्ट जपायला सांगितली होती, भाऊजी."

हान आले. धनुष्याच्या पाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला. एका टोकाजवळ तंतू फुगले होते. त्यांनी बल्ब लावला, आठवडाभर दार उघडू नका म्हणाले आणि गेले. त्या आठवड्यात वहिनींनी सगळं घर खोक्यांत भरलं, फक्त कपाटाला हात लावला नाही. जेवताना त्या त्याच्याकडे तोंड करून बसत. मी रोज संध्याकाळी जाई आणि भलत्याच विषयावर बोलत राही.

शुक्रवारी हाननी धनुष्य हळूहळू शेकलं, मांडीवर घेऊन विरुद्ध बाजूला वाकवलं, आणि दोरीचं टोक वहिनींपुढे धरलं. दोरी चढवायला दुसरा माणूस लागतो. इतकी वर्षं तो भास्कर असायचा. वहिनींनी टोक ओढलं. कुठेतरी बारीक करकर झाली... आणि दोरी बसली. एक बाजू किंचित वाकडी राहिली. हान म्हणाले, लांबचा बाण आता जाणार नाही, जवळचा जाईल. वहिनींनी ते हातात घेतलं. मला वाटलं रडतील. त्या हानकडे वळून म्हणाल्या, "शिकतेय." मराठीतच. हाननी कमरेतून वाकून नमस्कार केला. रडलो तो मी.

जायच्या दिवशी धनुष्य कापडात गुंडाळून वहिनींच्या मांडीवर होतं. नागपूरला त्याच्यासाठी कपाट आधीच रिकामं करून ठेवलं होतं. वर घर मोकळं, मेन पाडलेला. मी पुढे बसलो. टॅक्सीवाल्याने विचारलं, "यल्ला, निघू?"

तो पुन्हा म्हणाला, कुणी यायचं आहे का? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी जिन्याकडे बघत होतो. मागे वळून पाहिलं, तर वहिनीही.