काउबॉयच्या गावातला पाद्री आणि आमचे भालेराव काका

"जयभीम पोरी. तुझे काका गेले सकाळी... आणि अंत्यविधीची वंदना तूच घ्यायचीस, असं सांगून गेलेत." भालेराव काकूंचा फोन आला तेव्हा मी कार्डिफच्या बसमध्ये होते. रडू यायच्या आधी मला भीतीच वाटली. इथल्या मराठी बौद्धांच्या लग्नांना, नामकरणांना, अंत्यविधींना बौद्धाचार्य म्हणून कायम काकाच उभे राहायचे. त्यांच्या जागी मी? आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, हे मी अभिमानाने सांगते. ऑफिसात प्रेझेंटेशन देताना कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण इथे चुकले असते तर काकांचा शेवटचा निरोप बिघडला असता.

काका कौन्सिलच्या रस्ते खात्यात इंजिनिअर होते. लोकांच्या सुखदुःखात उभं राहायला कुठे शिकलात, असं विचारलं की म्हणायचे, "थोडं वडिलांकडून, बाकी सिनेमातून." वापरलेल्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेली एका जुन्या ब्लॅक अँड व्हाइट काउबॉयपटाची डीव्हीडी होती त्यांच्याकडे. एकच रस्ता असलेलं धुळकट गाव, आणि तिथे नव्याने आलेला बिनबंदुकीचा पाद्री. ख्रिसमसच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना तो सिनेमा बघावाच लागे. "काका, बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस तुम्ही, आणि चर्चचा सिनेमा?" मी टोमणा मारायची. "अगं, घोडे सोडले तर कार्डिफच आहे ते. मूठभर माणसं, आणि प्रत्येकाचं प्रत्येकाशी वाजलेलं!" मग पाद्री एका दुखवट्याच्या घरी जातो आणि उपदेश न करता मुकाट्याने लाकडं फोडायला लागतो, तिथे काका हमखास पॉज करायचे. "बघ. आधी काम, मग धम्म."

हे नुसतं बोलणं नव्हतं. माझे आबा गेले तेव्हा मला गावी पोचता आलं नाही. काका माझ्या फ्लॅटवर आले, कोट काढला आणि सरळ सिंकमधली भांडी घासायला लागले. "काका, राहू द्या हो." "तू बस. आबांचं सांग." भांडी संपेपर्यंत मी आबांबद्दलच बोलत होते... वंदना त्यानंतर.

काकांच्या अंत्यविधीला क्रिमेटोरियमचा हॉल गच्च भरला. साउथहॅम्प्टनहून, थेट ग्लासगोहून माणसं आली होती. आमच्यात बौद्धाचार्य एक ओळ म्हणतात आणि लोक हात जोडून, डोळे मिटून तीच मागून म्हणतात. त्रिसरण नीट झालं. पंचशीलाच्या मध्यावर माझी नजर शवपेटीवर गेली. पुढची ओळ सुचेना. "थांबा जरा," मी कशीबशी म्हणाले.

"थांबा जरा," अख्खा हॉल एका सुरात म्हणाला.

पहिल्या रांगेतून काकूंचं हसू फुटलं, रडता रडताच. शेजारच्या बायकांनाही आवरेना. "घे पोरी पुढचं," पदराने डोळे टिपत काकू म्हणाल्या, "जायचंय त्यांना."

मी पुढची ओळ म्हटली. खणखणीत.