मागच्या सीटचा मान

माझ्या लाल गाडीला दोनच दारं आहेत, आणि ती दोन्ही पुढे आहेत. गाडी घरी येऊन चार महिने झाले तरी ही साधी गोष्ट मला कळली नव्हती.

म्हणजे दिसत होती. डोळे शाबूत आहेत माझे! पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे सगळी नोकरी तहसील कचेरीत काढलेल्या माणसाला तरी समजायला हवं होतं. माझ्या टेबलासमोर रोज कोणी ना कोणी पहाणीचा, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याचा, कागद धरून उभा असतो. कागदात जमीन दिसते, शिवारात सापडत नाही.

गाडी हैदराबादच्या एका इंजिनियरने वापरलेली. बुटकी, लांब नाकाची, निर्मळच्या लाकडी खेळण्यासारखी लालभडक. मी पाहिली आणि विरघळलो. (वय वर्षं बावन्न!) पण तिचं नाव बाजारात पार बदनाम होतं. गरम होते, गिअर अडकतो, सुटे भाग मिळत नाहीत, कंपनीनेच कंटाळून बनवणं बंद केलं... ज्याने ही गाडी जन्मात पाहिली नव्हती, तोही हे छातीठोकपणे सांगायचा. आदिलाबादचा आमचा मेकॅनिक राजन्ना याने तर बॉनेट उघडून, आत बघून, बॉनेट पुन्हा हळूच लावलं.

"सार, इस बंडी का नाम बहुत खराब है."

"और बंडी?"

"बंडी अच्छी है, सार. लेकिन नाम खराब है."

झालं! नाव सुधारायचं काम मी अंगावर घेतलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सिग्नलला थांबलो की सुईकडे डोळे, चालू लागलो की इंजिनाकडे कान. घरात मिक्सर लागला तरी मी अंगणात धावायचो. बायको सुनंदा म्हणायची, "अवो, ते गाडी बिघडली नाही. तुमी बिघडून राह्यले." मी लक्ष दिलं नाही. मला हवा होता फक्त एक प्रसंग, चारचौघांत गाडीची अब्रू धुऊन काढणारा. तो आमच्या रूपालीच्या सोयरिकीत चालून आला.

रूपाली आमची एकुलती एक, शाळेत शिक्षिका. मुलगा मंचेरियलला कोळसा खाणीच्या ऑफिसात, नाव विनोद. दोघांची पसंती झाली होती. आता आम्ही मुलीकडच्यांनी मुलाच्या गावी जाऊन घर पाहायचं होतं. आमच्या भागात हा फार नाजूक मामला. घर पाहायला गेलेली माणसं घर पाहतात आणि घरची माणसं त्यांना पाहतात, आणि सोयरिकी मोडतात त्या बहुतेक इथेच. गाव बेल्याच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. मुलाचे वडील देवरावजी शेतकरी, मोजकंच बोलणारे. आणि त्यांची आई पार्वताआजी. घरात तिचा शब्द शेवटचा, असं ऐकून होतो.

निघायच्या सकाळी रूपालीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, भाड्यानं जीप करा ना."

"काऊन? आपली गाडी काय वाईट आहे?"

"गाडीचं नाही म्हणत मी. मले हेच घर पाह्यजे, बाबा. तिथं काही तमाशा नोका करू."

तिचे डोळे भरले होते. शहाण्या बापाने त्या क्षणी जीप सांगितली असती. मी म्हणालो, "पाहशील तू! आपली गाडी पाहून तेच लोक तारीख काढतीन!"

निघालो चौघं. मी, सुनंदा, तिचा भाऊ प्रकाश आणि माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वय चौऱ्याऐंशी, पांढरंशुभ्र धोतर, देह भरलेल्या पोत्यासारखा, आणि रीतिरिवाजात तसूभर सूट नाही. मी पुढची सीट झटकून म्हणालो, "बसा, मोठेबाबा."

"पुढं? मी काय डायवर आहो?" ते कडाडले. "मोठा माणूस मांगंच बसते. तालुकदार साहेब कधी पुढं बसलेला पाह्यला का तू?"

मान तो मान. मग पुढची सीट दुमडली, प्रकाश आधी आत सरकला, त्याने आतून ओढलं, मी बाहेरून ढकललं, आणि पाव तासाने मोठेबाबा मागच्या सीटवर स्थापन झाले. गुडघे छातीशी, टोपी छताला. "मस्त आहे," ते म्हणाले, कारण मान मिळाला होता. सीट मागे आली, सुनंदा पुढे बसली, दार लागलं. आत गेलेल्या माणसाला कधीतरी बाहेरही यावं लागतं, हा विचार चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

डांबरी रस्त्यावर गाडी लोण्यासारखी पळाली. "पाहा, सुई! जागची हलली नाही!" मी दर दोन मिनिटांनी सांगत होतो. बेला गाव मागे पडलं आणि कच्चा रस्ता लागला. कापूस वेचणीचे दिवस. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी दोन्ही बाजूंना खड्डे आणि मधोमध वरंबा. आमच्या गाडीचं पोट त्या वरंब्याला टेकलं. कर्रर्र!

"अवो, आवाज येऊन राह्यला," सुनंदा म्हणाली.

"तो रस्त्याचा आहे."

कर्रर्रर्र!

"भाऊजी," मागून प्रकाशचा दबलेला आवाज आला, "थोडं वजन कमी करा लागते. मी उतरून पायी येऊ का?"

"आता सोयऱ्याच्या गावात पायी जातं का, बावळटा?" मोठेबाबा म्हणाले. (तसंही प्रकाशला उतरता येणार नव्हतं. पण हे तेव्हा कोणाला माहीत?) वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. आमच्या पुढे एक बैलगाडी होती, आणि तीच हळूहळू दूर जात होती!

शेवटी पोचलो. अंगणात सडा, रांगोळी, पंचवीसेक माणसं. मध्ये पाट, बाजूला पाण्याची बादली, आणि पार्वताआजी हातात पितळी तांब्या घेऊन उभी. आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: पाहुण्यांतला सगळ्यात मोठा माणूस आधी उतरतो, पाटावर उभा राहतो, घरची बाई त्याच्या पायावर पाणी घालते; मग बाकीचे उतरतात. मी ऐटीत इंजिन चालूच ठेवलं, (जरा ऐकू द्या त्यांना!) आणि सुनंदा दाराला हात घालणार, तोच मागून गर्जना झाली.

"खबरदार! माह्या आधी कोणी पाय खाली ठेवला त!"

सुनंदाचा हात तिथेच थांबला.

"मोठेबाबा," मी म्हणालो, "सुनंदा उतरल्याशिवाय सीट दुमडत नाही. सीट दुमडल्याशिवाय तुमी उतरत नाही."

"मंग?"

मग काय! बाहेर पंचवीस माणसं, आत चार, मधे काच. मागच्या काचा तर उघडतही नाहीत. आजी पाटाजवळ उभी, तांब्या तिरपा धरून, पाणी आता पडेल की मग पडेल असा.

देवरावजी खिडकीशी वाकले. "पाहुणे, उतरा ना."

"उतरतो, उतरतो," मी हसलो. "जरा... गाडी थंड होऊ देतो."

एवढं तोंडातून गेलं आणि जीभ चावली. गर्दीतून कोणीतरी बोललंच, "म्हटलं नव्हतं? हे गाडी गरमच होते!" माझ्या काळजात सुरी फिरली. सुई जागची हलली नव्हती हो! गरम झाले होते ते मोठेबाबा.

खरं काय ते सांगणं भाग पडलं. मला वाटलं, आजी म्हणेल, जाऊ द्या, कोणीबी उतरा. पण ती मान हलवत म्हणाली, "बरोबर आहे बुढ्याचं. मोठ्यानंच आधी उतरावं. आमच्या घरची रीतबी तेच आहे." दोन्ही घरचे विचार इतके जुळलेले मी आजवर पाहिले नव्हते.

आता माझ्यातला कारकून जागा झाला. कायद्याला पळवाट असतेच! मी खिडकीतून म्हणालो, "आजी, पाट इकडं सरकवा. सुनंदा पाटावर पाय ठेवते. जमिनीवर नाही!"

"पाट मोठ्या माणसाचा हाये," आजी म्हणाली. पळवाट बंद.

"सुनंदा," मी कुजबुजलो, "तू खाली नको उतरू. इकडं माह्या सीटवर ये. मंग तुही सीट दुमडते."

"अवो, सोयऱ्याच्या दारात? तुमच्या मांडीवर?"

"पोरीसाठी!"

पोरीचं नाव काढल्यावर ती बिचारी निघाली. एक पाय गिअरच्या अलीकडे आला, पदर हँडब्रेकमध्ये अडकला, तोल गेला, आणि तिचा कोपर जो हॉर्नवर बसला तो उठेचना! पँऽऽऽ! दावणीची बैलं बिथरली, कोंबड्या उडाल्या, अंगणातल्या बायांनी तोंडात पदर कोंबले. मागून मोठेबाबा हात जोडून ओरडत होते, "अरे वसंता, हे काय चाळे लावले रे! सोडव तिले! सोडव!" मी सोडवलं. सुनंदा परत आपल्या जागी पडली, लाल होऊन. मला समोरचं काही दिसेना. डोळ्यापुढे फक्त रूपाली उभी होती, सकाळच्या त्या भरल्या डोळ्यांची. लेकरा, तुझ्या बापाने केला बरं तमाशा.

तेवढ्यात देवरावजी गाडीला एक फेरी मारून आले. कापसाच्या गाड्या भरणारा-उतरवणारा माणूस. त्याला माल कुठून काढायचा ते कळतं.

"मांगून काढू," ते एवढंच म्हणाले.

मी आतली कळ ओढली. डिक्की उघडली. प्रकाशने पुढे वाकून स्वतःची घडी घातली, त्याच्या सीटची पाठ खाली पडली, आणि मागे बोगदा तयार झाला. "मोठेबाबा, पालथे व्हा. पाय डिक्कीकडं करा."

"मी डिक्कीतून निघू?"

"पण आधी तुमीच निघता!" मी म्हणालो.

या मुद्द्यावर ते विरघळले. धोतर सावरत, कण्हत, प्रकाशच्या पाठीला दोनदा तुडवत मोठेबाबा फिरले. आधी दोन तळपाय डिक्कीबाहेर आले, मग पोटऱ्या. देवरावजींनी एक घोटा धरला, त्यांच्या भावाने दुसरा. "हां... येऊ द्या... हळू..." कंबरेपर्यंत आले आणि अडकले. ना पुढे, ना मागे! अर्धा माणूस सोयऱ्याच्या अंगणात, अर्धा माझ्या गाडीत.

पार्वताआजी शांतपणे चालत मागे आली. हवेत लोंबणारे ते दोन पाय तिने पाहिले, तांब्या उचलला आणि त्यांच्यावर पाणी घातलं. उजव्यावर, मग डाव्यावर. "या पाहुणे," ती त्या पायांना म्हणाली.

"आलो, आलो," गाडीच्या पोटातून उत्तर आलं.

मान पुरा झाला. आम्ही बाकीचे धडाधड दारातून उतरलो, आणि मग सगळ्यांनी मिळून मोठेबाबांचा उरलेला भाग ओढून काढला. सोबत आणलेला पेढ्यांचा डबा डिक्कीत भिजून गेला होता. मी भांबावलेला, समोर दिसेल त्याला सांगत सुटलो, "पाहा, गाडीची काही चूक नाही! एवढा वेळ चालू होती, गरम नाही झाली! गिअर नाही अडकला!"

"नाही, गाडी चांगलीच आहे," देवरावजी म्हणाले. ते गाडीकडे पाहत नव्हते.

आत सतरंजीवर बसलो. घर छान होतं म्हणे. मी काहीच पाहिलं नाही. चहा येत नव्हता. आतल्या खोलीत बायांचं हसू फुटायचं आणि दाबलं जायचं. मी तीनदा मांडी बदलली, दोनदा चष्मा पुसला, एकदा उगाच पंख्याची चौकशी केली. सोयरीक मोडली, हे मला कळून चुकलं होतं. आता घरी जाऊन पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

मग आजी आली आणि माझ्यासमोर बसली.

"पोरगी चांगली हाये," ती म्हणाली. "इनोदले पसंत हाये. आमाले फक्त एक सांगा. खरं सांगा."

"विचारा, आजी."

"पोरगी कोनावर गेली? बापावर का मायवर?"

आता खरं सांगायचं तर रूपाली नखशिखांत माझ्यावर गेली आहे. कपाळ माझं, चाल माझी, हिशोबातली हुशारी माझी, बोलायला लागली की थांबायचं नाही ही कलाही माझी. आख्ख्या आदिलाबादेत मी हे अभिमानाने सांगत फिरलो आहे. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. प्रकाश पाहत होता. मोठेबाबा ओल्या पायांनी पाहत होते.

"मायवर!" मी म्हणालो. "पूर्ण मायवर, आजी!"

"बापाचा अंशबी नाही," मोठेबाबांनी साक्ष दिली.

आजीने आत वळून चहा टाकायला सांगितला. सोयरीक पक्की झाली. आणि जन्मापासून माझ्या नावावर असलेली पोरगी, ना अर्ज ना फेरफार, एका शब्दात बायकोच्या नावावर चढली.