बुटांखालचा टॉवेल

त्याने पाय पुढे केला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "टॉवेल, बॉय."

बॉय म्हणजे मी. तीन लेकरांचा बाप. तो माझ्याहून कितीतरी लहान.

जेद्दातल्या एका क्लबात मी बास्केटबॉलच्या हॉलची जमीन पुसायचो. दारं लावली तरी वाळू आत येतेच. बूट घसरतात. म्हणून खेळाडू ओल्या टॉवेलवर बुटांचे तळवे पुसून खेळायला उतरतात. सौदी पोरं टॉवेल पडलेला असेल तिथेच पुसायची. या अमेरिकन खेळाडूला तो धरलेला लागायचा. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही टोकं ताणून धरायची, त्याने वर उभं राहून बूट घासायचे. एकदा माझी बोटं बुटाखाली आली. बाकांवरचे लोक हसले. मीही हसलो. ते हसू अजून टोचतं.

तो कॉलेजात खेळून आलेला. त्याच्या देशातल्या मोठ्या संघांनी त्याला घेतलं नव्हतं. इथे मात्र राजा. त्याच्या जोरावर क्लब जिंकायचा. म्हणून त्याला बंगला, गाडी, आणि पायाशी मी.

माझी शाळा सातवीत सुटलेली. पासपोर्ट मुदीरच्या, म्हणजे क्लबच्या मॅनेजरच्या कपाटात. व्हिसा आणून देणारे आमच्या गावचे हमीदचाचा म्हणायचे, "अल्लाचं शुक्र कर बाबा. दर्यावर जाळी ओढण्यापेक्षा बरं ना?" मी शुक्र करायचो. भीतीपोटी जरा जास्तच करायचो.

मग कुवेतवरून लढाई पेटली. रियाधवर क्षेपणास्त्रं पडत होती. जेद्दात काही पडलं नाही, पण विषारी वायूची बोलणी घरोघर. अमेरिकन म्हणाला, मी जातो. मुदीरने हातापाया पडून त्याला थांबवला. क्लबात मास्क आले. अमेरिकनाच्या मास्कचे पट्टे मुदीरने स्वतः बांधून दाखवले. बाकी सगळ्यांना मिळाले आणि खोक्यात एक उरला.

मी विचारलं, "मुदीर, मेरे लिए?"

त्याने तो कपाटात ठेवून किल्ली फिरवली. "तेरे पास टॉवेल है ना? गीला करके मुँह पे रख."

कुणीतरी अमेरिकनाला इंग्रजीत सांगितलं. तो हसला. "गुड आयडिया, बॉय."

सांगायला लाज वाटते, पण मी करून पाहिलं. घाबरलो होतो. नळाखाली टॉवेल दोनदा साबणाने धुतला, नाकातोंडावर दाबला. तरी रबराचा वास. म्हणजे वायू आला तर मी याच्या बुटांचा मळ तोंडात घेऊन मरायचं. आणि वर शुक्र करायचं.

त्या संध्याकाळी मॅच होती. तो आला, पाय पुढे केला.

"टॉवेल, बॉय."

टॉवेल माझ्या गळ्यात होता. मी उभाच राहिलो.

मुदीर बाकावरून ओरडला, "यल्ला, यल्ला. जल्दी कर."

मी त्याला म्हणालो, "ये मेरा मास्क है. आपने दिया. इसपे कोई पाँव नहीं रखेगा."

अमेरिकनाने मुदीरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वाकला आणि आपल्या तळहातांनी आपले बूट पुसले. वाकता येत होतं त्याला.

मॅच संपल्यावर मुदीर म्हणाला, "खलास. कल से मत आ."

हमीदचाचांनी कपाळावर हात मारला. "वेड्या, जा, पाय धर त्याचे."

"चाचा, इतके दिवस दुसरं काय धरत होतो?"

सकाळी पासपोर्ट मागायला गेलो. मुदीरने मान वर न करता जमिनीकडे बोट दाखवलं. म्हणजे खाली बस. मी बसलो नाही. दुपारपर्यंत त्या कपाटासमोर उभा राहिलो. त्याने नाही दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभा राहिलो.

देईल तेव्हा देईल. गावी जाईन, जाळी ओढीन, नाहीतर इथेच बिनकागदाचा पोलिसांच्या हाती पडेन. गुडघे नमाजाला टेकतात, तेवढं पुरे. माणसाच्या बुटापुढे टेकणार नाहीत.