नजमुद्दीनचा ठिपका

बोर्लीच्या मोहल्ल्यात नजमुद्दीन सरखोतचं ज्याच्याशी वाजलेलं नाही असा माणूस एक तर कालच परगावाहून आलेला असणार, नाहीतर ठार बहिरा. कुवेतच्या बंदरावर उभी उमेद क्रेन चालवण्यात घालवून तो गावी परतला. इतकी वर्षं उंचावर एकटं बसायची सवय झाल्यामुळे असेल, पण जमिनीवरची माणसं त्याला खपतच नसत. दिवेआगरच्या वाळूत जीप नाचवणारे पर्यटक खपत नसत, त्यांच्यामागे 'सर, सर' करत धावणारे खोलीवाले खपत नसत, आणि मशिदीच्या गळक्या नळाला तोटी न बसवणारी कमिटी तर त्याच्या दृष्टीनं थेट दोजखात जाणार होती.

सख्ख्या थोरल्या भावाशी, लतीफशी, त्यानं बोलणंच टाकलं होतं. निसर्ग वादळात दोघांच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि मधलं कुंपणही वाहून गेलं. नवी रोपं लावताना लतीफनं शेवटची ओळ आपल्या हद्दीत ओढली, असं नजमुद्दीनचं म्हणणं. लतीफचंही म्हणणं हेच, फक्त उलट. घरांच्या भिंती एक, पण एकाला दारात बघून दुसरा आत वळायचा. रोपं आता पुरुषभर उंच झाली होती, भांडण त्याहून उंच.

अशा माणसालाही एक गोष्ट मनापासून आवडत होती, ती म्हणजे सायकल. पातळ चाकांची, वाकड्या हँडलची, जावयानं आणून दिलेली. पहाटेची फजरची नमाज झाली की तो निघायचा. दिवेआगर, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धन, आणि त्याच वाटेनं परत. त्या रस्त्यावर त्याला बघणारं कुणी नसे, आणि सगळी गोडी त्यातच होती. परतीच्या वाटेवर आरावीची चढण लागते. ती आपण पाय न टेकता काढतो, असं तो बोर्लीच्या टपरीवर चारचौघांना ऐकवत असे. गेलं वर्षभर तो तिथं उतरून, सायकल हातात धरून, धापा टाकत चालत होता, हे मात्र दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. ते कुणाला कळलं असतं तर सायकल मोडीत घालून तो घरात बसला असता.

ईदनंतरच्या एका सकाळी त्याला रस्त्यातच भोवळ आली. शुद्धीवर आला तेव्हा तो मासळीच्या टेम्पोत, बांगड्यांच्या क्रेटांशेजारी उताणा होता आणि टेम्पो बोर्लीच्या बाजारातून सावकाश चालला होता. अख्ख्या बाजारानं वाकून वाकून बघितलं. डॉक्टर म्हणाला, काही विशेष नाही, पाणी कमी पडलं. पण बायकोनं, महेरुन्निसानं, सायकलीला कुलूप घातलं आणि चावी कुठं ठेवली ते अल्लालाच माहीत.

दोहाहून मुलीचा, सिदराचा, हुकूम सुटला. "अब्बा, सायकलला जीपीएसचा कॉम्प्युटर लागणार. तुम्ही कुठं आहात ते घरच्यांना फोनवर दिसलं पाहिजे. मगच अम्मी चावी देईल."

"मी काय चोरीची म्हस हाय, माझ्यावर पाळत ठेवायला?" नजमुद्दीन कडाडला. पण चावी महेरुन्निसाकडं होती, आणि चार दिवस घरात बसून तो भिंतींशी भांडायला लागला होता. शेवटी त्यानं एक अट घातली. कॉम्प्युटर घेऊ, पण कुठला तो मी ठरवणार.

जावई, राहील नावाचा, सुट्टीवर यायचा होता. त्यानं दोहातल्या दुकानातून व्हिडिओ कॉल लावला. राहील मऊ स्वभावाचा, सासऱ्यासमोर तर त्याचा आवाज अर्धाच निघायचा.

"अब्बा, हा मोठ्या स्क्रीनचा बघा. बोटानं चालतो. रंगीत नकाशा आहे, रस्ता चुकायला नको."

"चुकायला रस्ते हायेत किती? एका अंगाला दर्या, एका अंगाला डोंगर. चुकलो तर बुडेन, न्हायतर चढेन. आनि घामेजलं बोट लावलं की तो नाचनार. खाऱ्या वाऱ्यानं काच चिकट होते, तुमच्या एसीत बसून ते कसं कळनार?"

"मग हा घ्या. डोंगरात सायकल घालणाऱ्यांसाठी आहे. आपटला तरी फुटत नाही."

"म्हंजे मी आपटायचं आधीच ठरवलंय तुमी सगळ्यांनी."

राहीलनं निमूटपणे तिसरा उचलला. काळा, बारका, कडेला बटनं. "हा साधा आहे, रस्त्याच्या सायकलीचा. उन्हात आकडे दिसतात, हवेच्या दाबावरून चढ मोजतो, बॅटरी दिवसभर टिकते. पावसात बटनं चालतात."

नजमुद्दीनचे डोळे बारीक झाले. कुवेतच्या बंदराच्या गेटवर कॅमेऱ्याचे फोन काढून घेत आणि बटनांचे फोन बिनदिक्कत आत सोडत. सगळी कामकरी माणसं दोन दोन फोन बाळगायची, एक खोलीवर, एक कामावर. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की बटनवाल्याला डोळा नसतो. जे चुगली करतं ते काचेचं असतं.

"हाच," तो म्हणाला. "बाकीचे ठेव दुकानात."

राहील काहीतरी सांगायला गेला आणि सासऱ्याचा चेहरा बघून गप्प बसला. तिथंच त्यानं चूक केली, असं नजमुद्दीन पुढं कित्येक दिवस म्हणत होता.

राहील आला, हँडलवर कॉम्प्युटर बसवला, सासऱ्याच्या फोनशी जोडला आणि सुट्टी संपवून गेला. चावी मिळाली. पहिल्याच सकाळी नजमुद्दीन शेखाडीच्या अलीकडं सुरूच्या झाडाआड उभा राहिला असताना खिशातला फोन वाजला.

"शेखाडीला काय करताय?" महेरुन्निसा विचारत होती.

नजमुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच त्यानं दोहाला फोन लावला. "तू माझा जावई हायेस का मुखबीर? बटनाचा दिलास ना मला?"

"अब्बा, कॉम्प्युटर बटनाचाच आहे," राहील चाचरत म्हणाला. "पण तो तुमच्या फोनशी जोडलेला आहे ना, नकाशावर दिसणारा तुमचा ठिपका फोनमधून जातो. जवळजवळ सगळ्यांत असतंच ते."

घरी येऊन त्यानं भांडी आदळावीत तसे शब्द आदळले. महेरुन्निसा बोंबील साफ करत ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "ठिपका बंद तर सायकल बंद."

मग सुरू झाला त्याचा छळ. आता तो त्या रस्त्यावर एकटा नव्हता. भजी तळणाऱ्या टपरीचा वास यायचा, मधुमेहाचं पथ्य आठवायचं, आणि कुणीतरी बघतंय म्हणून तो दात-ओठ खात पुढं जायचा. चढणीला त्यानं उतरायचंच नाही असं ठरवलं, दोनदा छाती फुटायची वेळ आली, आणि तिसऱ्या दिवशी तो उतरला. उतरला तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी गेल्यावर मात्र महेरुन्निसा त्यावर काही बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचाच त्याला जास्त राग आला. दया करते माझ्यावर, असं त्याला वाटलं.

महिनाभरानं त्यानं ठरवलं, आता यांना अद्दल घडवायची. परतताना आरावीच्या चढणीच्या पायथ्याशी तो थांबला, सायकल कठड्याला टेकवली, फोनचा आवाज मोठा केला आणि बसला. बघू दे ठिपका एका जागी. घाबरू दे. रडत फोन करू दे. काय काय सुनावायचं ते त्यानं मनात ओळीनं लावून ठेवलं. आधी बायकोला, मग मुलीला, जावयाला सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त.

फोन वाजला नाही.

ऊन कठड्यावर आलं. पर्यटकांच्या गाड्या गाणी वाजवत गेल्या. त्यानं रेंज बघितली, भरपूर होती. कॉम्प्युटर बघितला, चालू होता. पाणी संपलं. आधी त्याला गंमत वाटत होती, मग राग आला, आणि मग रागाच्या खालून काहीतरी फार वाईट वर यायला लागलं. आपल्याला कुणी बघतच नव्हतं. इतके दिवस आपण भजी सोडली, झाडाआड जायची चोरी झाली, चढणीला लाजेनं मेलो, आणि पलीकडं कुणीही नव्हतं. खरंच पडलो असतो तर पुन्हा बांगड्यांच्या टेम्पोचीच वाट बघावी लागली असती. त्याला रडू येतंय असं वाटलं आणि त्यानं त्या रडण्यालाच एक शिवी हासडली.

तेवढ्यात चढणीवरून एक स्कूटर खडखडत खाली आली. लुंगी, बनियन, वर घाईत अडकवलेला उघडा शर्ट. लतीफ होता.

त्यानं स्कूटर थांबवली आणि भावाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोघं समोरासमोर होते.

"पडलास?"

"न्हाय."

"चक्कर?"

"न्हाय म्हनतो ना! तू कशाला मरायला आलास हितं?"

"ठिपका हालंना," लतीफ म्हणाला.

नजमुद्दीनच्या कानात दडे बसल्यासारखं झालं. "तुला कुणी दिला ठिपका?"

"सिदरानं. म्हनली, अम्मी दोन दिस बघते नि विसरते, माझी ड्युटी असते, बडेअब्बा तुमी बघा."

"नि तू बघतोस? रोज?"

"रोज. म्हाताऱ्या मानसाला सकाळी काय धंदा हाय?" लतीफनं चढणीकडं मान वळवली. "दिवेआगरपर्यंत सुसाट सुटतोस. भज्यांच्या टपरीवर थांबत न्हायस. नि परतताना हितं ठिपका मुंगीवानी सरकतो. इतकी हळू सायकल चालतच न्हाय, पडंल. तू चालत जातोस."

सगळ्या जगात ज्याला कळू नये, नेमकं त्यालाच. नजमुद्दीननं खेकसून विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? बोर्लीत टपरीवर तू बाता मारतोस, मी पाठच्या बाकावर बसून ऐकतो. बस स्कूटरवर. तोंड पांढरं पडलंय तुझं."

"तुझ्या स्कूटरवर? आधी सुपारीची ओळ मागं घे."

"मग मर उन्हात."

नजमुद्दीननं सायकल उचलली आणि टांग मारली. आज पाय टेकायचा नाही, जीव गेला तरी नाही. मागं स्कूटर लागली. "पुढं जा!" तो ओरडला. लतीफ गेला नाही. अर्ध्या चढणीवर डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि त्यानं पाय खाली टाकला. मान खाली घालून तो हसण्याची वाट बघत उभा राहिला.

मागचं इंजिन बंद झालं. लतीफ खाली उतरला, लुंगी वर खोचली आणि स्कूटर ढकलत त्याच्या बरोबरीला आला.

"तू का उतरलास?"

"पेट्रोल फुकट जातं."

दोघं चालायला लागले. स्कूटर सायकलीपेक्षा कितीतरी जड होती, आणि लतीफ त्याच्याहून जास्त धापा टाकत होता. तरी ओळीचा विषय निघालाच. तू ओढलीस, तू कुवेतला होतास, तुला काय ठावं वाडी कुठं संपते, बानं मला दाखवली होती, बानं तुला काय दाखवलं, असं करत माथा आला. दोघांचेही घसे कोरडे पडले होते. खाली दर्या दिसत होता आणि बघायला कुणालाच वेळ नव्हता.

नजमुद्दीननं सायकलीवर टांग टाकली. उतार सुरू व्हायच्या आधी त्यानं मान न वळवता, जितकं तुसडं बोलता येईल तितकं तुसडं म्हटलं, "उद्या मी हरिहरेश्वरापर्यंत जानार हाय. लांब हाय. फोन चार्ज करून ठेव."