ब्रेकआत्या आणि कडक गेम

आमच्या आत्याच्या पायाखाली कायम एक ब्रेक असायचा. गाडी कुणाचीही असो, ती शेजारी बसली की तिचा उजवा पाय समोरच्या रबरी मॅटवर दाबला जायचा, आणि तोही चालवणाऱ्याच्या जरा आधीच. पुढचा ऑटो आता थांबणार, हे तिला ऑटोवाल्याच्या आधी कळायचं. त्यावरून अख्ख्या घराण्यात तिचं नाव ब्रेकआत्या पडलं होतं. तिला त्याचा रागबिग अजिबात नव्हता. "हसा तुम्ही," ती म्हणायची, "माझ्या ब्रेकने आजवर कुणाचं डोकं पुढे आपटलेलं नाही."

ती मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि निवृत्त होईपर्यंत रोज स्वतः गाडी चालवत कॉलेजला गेली. छोटी पांढरी गाडी, पॉवर स्टिअरिंग नसलेली. जन्म हैदराबादचा, त्यामुळे तिच्या मराठीत "नक्को" आणि "हौ" इतके सहज यायचे की पुण्याहून आलेली मी सुरुवातीला तोंडाकडे बघत राहायचे. वाद संपवायचा झाला की तेलुगूतलं "अंते!" म्हणायची. म्हणजे बस, एवढंच, पुढे बोलायचं नाही.

गाडीबद्दल तिचं एक आवडतं मत होतं आणि ते ती भल्याभल्यांसमोर बिनदिक्कत मांडायची. "डोळ्यांनी रस्ता कळतो ग, पण गाडी बुडाला कळते. वजन पुढे आलं, मागे गेलं, कुठलं चाक घसरायला लागलं, सगळं आधी सीट सांगते." माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, कानकोंडे व्हायचे. ही मात्र शांतपणे चहात बिस्किट बुडवत असायची.

नोकरीसाठी मी हैदराबादला आले आणि बरकतपुऱ्याच्या तिच्या फ्लॅटमध्येच राहू लागले, तेव्हा ती गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. साखरेने आत्याच्या तळपायांच्या नसा बधिर होत चालल्या होत्या आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. तिचा मुलगा मुकुंद परदेशात. फोनवर दर वेळी त्याचं एकच, आई, गाडी विकून टाक. आणि हिचंही एकच, "डॉक्टरला काय ठाऊक? पाय माझे आहेत." दर रविवारी सकाळी ती खाली जाऊन कव्हर काढायची, इंजिन सुरू करायची आणि स्टिअरिंग धरून नुसती बसून राहायची. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायची. मला बाल्कनीतून तिचा चेहरा दिसायचा. बॅटरीसाठी कुणी असा चेहरा करत नाही. तिला पुन्हा गाडी चालवायची होती, दुसरं काही नाही.

अशात मी गेमिंग कन्सोल घेतला, सोबत हाताला खरे हिसके देणारं स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायची पेडल्स. जेवणाच्या टेबलाला मी ते स्टिअरिंग आवळत होते, तेव्हा वाटलं, आता बोलणी बसणार. कसलं काय! आत्या चष्मा पुसून खुर्ची ओढून बसलीसुद्धा. "हे खरं आहे असं म्हणतात ना? किती खरं, ते बघू या."

तिचं बघणं म्हणजे एक प्रॅक्टिकलच होतं. सगळे जण पहिल्यांदा जोरात पळवतात, हिने गाडी हळूहळू नेऊन थांबवली. ब्रेक लागताना गाडीचं नाक खाली वाकतं का, ते पाहिलं. मग डावी दोन चाकं गवतात घातली, उजवी रस्त्यावर ठेवली आणि ब्रेक मारला. मी आणलेल्या पहिल्या गेममध्ये रंगीबेरंगी आकाश, झकास संगीत आणि टेकड्यांवरून उड्या मारणाऱ्या गाड्या होत्या. त्यात गाडी सरळच थांबली. "छे! ह्याने ग्रेस मार्क दिले." दुसऱ्या गेममध्ये नुसता करडा ट्रॅक, ना संगीत ना सजावट. तिथे तेच केल्यावर स्टिअरिंग तिच्या हातातून असं फिरलं की ती जवळजवळ ओरडलीच, "अय्यो, ओढलं! ओढलं ग! चांगल्या बाजूनेच ओढलं!" रस्त्यावरच्या चाकांची पकड जास्त, म्हणून गाडी तिकडे खेचली जाणार, हे तिला हवं होतं तसंच झालं होतं. तेव्हापासून पहिल्याचं नाव ग्रेसवाला आणि दुसऱ्याचं कडक.

पण कडकलाही तिने पूर्ण मार्क दिले नाहीत. "हात सगळं सांगतायत, बूड मात्र गप्प. ही खुर्ची काही बोलत नाही." आणखी एक तक्रार होती. "हॉर्न कुठंय? राँग साइडने कुणीच कसं येत नाही? ह्या सगळ्या चँपियन लोकांना एकदा संध्याकाळी काचीगुड्याच्या चौकात सोडा, मग बघू खरं काय ते." मी हसून हसून बेजार.

शनिवार दुपारचा चहा झाला की आमची बैठक जमायची. मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिथले दोष शोधताना जी मजा कधी आली नाही, ती हिच्या शेजारी बसून यायची. वळणात पुढची चाकं घसरली की स्टिअरिंग हलकं होतं, हे मला तिने दाखवलं. "बघ, हात मोकळा झाला. म्हणजे टायरने तुझा हात सोडला. आता फिरवू नक्को, थांब." असं कुणी मला ड्रायव्हिंग स्कूलमध्येही शिकवलं नव्हतं.

एका शनिवारी ती कडकमध्ये शर्यत जिंकली. टाळ्या काय, गाणं काय! "लाव, मुकुंदाला फोन लाव! म्हणावं, तुझी आई पहिली आली. पाय बधिर म्हणे! पुढच्या रविवारी विद्यानगरला जाऊन येऊ, मी चालवते." चेहरा असा फुलला होता की खरं सांगावंसं वाटेना. तरी म्हटलं, "आत्या, गेमच्या मदती चालू आहेत ग. तू ब्रेक जास्त दाबलास की चाकं जाम होऊ नयेत म्हणून गेमच तो सैल करतो."

मला वाटलं, आता "अंते" येणार.

"म्हणजे इथेही ग्रेस?" ती म्हणाली. "मग काढ की मदती. खोटा निकाल घेऊन मी काय करू?"

मदती काढल्या. पहिल्याच वळणावर चाकं जाम झाली, आणि गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली. पुन्हा तेच. पडद्याच्या कोपऱ्यात ब्रेक किती दाबलाय ते दाखवणारी एक लाल पट्टी असते. त्या पट्टीकडे बघत चालवलं तेव्हा जमलं, पण तोवर रस्ता सुटला आणि गाडी गवतात गेली. आत्याने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "मी पट्टीकडे बघणार नाही. सांगितलं तेवढा दाबते, तू बघ. अर्धा." तिने पाय टाकला. पट्टी टोकापर्यंत लाल झाली. "किती?" मी वाकून पेडलची वायर चाचपू लागले. "अग बोल की, रीडिंग सांग!" "पूर्ण, आत्या." "पाव." पुन्हा पूर्ण. डाव्या पायानेही करून पाहिलं, तीच गत. शेवटी मला बसवलं. "पेडल नीट आहे ना, हे नको का तपासायला?" मी अर्धा दाबला, पट्टी अर्धी झाली. त्या वेळी पेडल बिघडलेलं निघावं म्हणून मी देवाला हात जोडायची बाकी होते.

तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "आजवर कुणाचं डोकं आपटलं नाही," एवढंच म्हणाली. मग उठली, देवघराशेजारच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "अंते." डॉक्टरांचं ऐकलं नाही, पोटच्या मुलाचं ऐकलं नाही, पण स्वतःच्या प्रयोगाचा निकाल तिने निमूटपणे घेतला. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "रडू नक्को. मी चालवणार नाही म्हटलंय, गाडी चालणारच नाही असं कुठे म्हटलं? उद्या तू चालव."

रविवारी ती डाव्या सीटवर बसली आणि दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घातली. "त्यांना रजा दिली," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. विद्यानगरच्या अलीकडे एकदम म्हणाली, "बाजूला घे. मागचं डावं टायर बसतंय." माझा विश्वास बसेना. उतरून पाहिलं, तर खरंच टायर मऊ झालेलं. पंक्चरवाल्याकडे उभी असताना ती पोरीसारखी हसत होती. "पाय गेले ग, बूड शाबूत आहे!"

मग दर रविवारी आम्ही निघायचो. ती मांडी घालून, डोळे मिटून, मी तिच्या धाकात. गेल्या वर्षी आत्या गेली. फ्लॅट मुकुंदने विकला, पांढरी गाडी मात्र माझ्याकडे ठेवली. कन्सोल मी आता फारसा लावत नाही. लावला तरी मदती काढूनच.

परवा ऑफिसातून येताना नामपल्लीजवळ मागे डावीकडे काहीतरी ढिलं जाणवलं. आवाज नाही, स्टिअरिंगला ओढ नाही, काही नाही. तरी गाडी कडेला घेतली आणि उतरून टायर दाबून पाहिलं. हवा चालली होती. पुन्हा आत येऊन बसले, शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि भर रहदारीत मोठ्यांदा म्हणाले, "आत्या, कळलं ग! बुडाला कळलं!"